गठ्ठ्यांतील मार्ग : हस्तलिखितांच्या छायाचित्रांचे गठ्ठे बांधतांना फोल्डरांच्या नांवांची व्यवस्था

जुना कागद कोणत्या दप्तरांत, कोणत्या रुमालांत आणि कोणत्या पुडक्यांत सांपडला हें ठाऊक नसेल, तर त्याचें निम्में मोल गेलें असें समजावें. मराठेशाहींतील खासगी पत्रांवर बहुधा ‘छ’ हें अक्षर, चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिन्याचें नांव एवढेंच आढळतें. सालाचा पत्ता नसतो. अशा पत्राच्या शेजारचे कागद जर एकाच मोहिमेचे किंवा एकाच कारकुनाच्या हातचे असतील, तर त्यांच्या आधारें सालाचा निर्णय पुष्कळदां करतां येतो. पुडकें मोडून कागद एकत्र कालविले कीं हा आधार कायमचा नाहींसा होतो, आणि पत्र हातांत असूनही इतिहासास तें मुकें होतें. ही गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांस नवी नाहीं. परंतु जें पुडकें आपण हातानें कधींही मोडणार नाहीं, तेंच यंत्राकडून एका ओळीच्या आज्ञेनें मोडलें जातें आणि मोडल्याची खबरही आपणांस लागत नाहीं, हें अद्यापि पुष्कळांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हल्लीं संग्राहक आपल्याजवळील पोथ्यांचीं व कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकावर फोल्डरांत लावून ठेवतात. २००३ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केल्यानंतर या उद्योगास संस्थांच्या पातळीवर जोर आला. आतां तर ज्याच्या घरीं दप्तर आहे असा कोणीही गृहस्थ मोबाइलवर त्याचीं छायाचित्रें काढूं शकतो. छायाचित्रांस यंत्र जीं नांवें देतें तीं नुसत्या क्रमांकांचीं असतात. कागदाची खरी ओळख असते ती फोल्डरांच्या उतरंडींत. ‘दप्तर-३’ या फोल्डरांत ‘रुमाल-१२’, त्यांत ‘पुडकें-४’, आणि त्यांत ‘०००१’ हें छायाचित्र. या सगळ्या साखळीस पाथ, म्हणजे मार्ग, म्हणतात. छायाचित्रें एखाद्या संस्थेकडे किंवा अभ्यासकाकडे पाठवितांना त्यांचा एक गठ्ठा बांधतात आणि बहुधा तो दाबून लहानही करतात. ‘झिप फाईल’ हा शब्द आतां सर्वांच्या तोंडीं आहे. गठ्ठा बांधतांना प्रत्येक छायाचित्राबरोबर त्याच्या मार्गाचा किती भाग लिहावा, हें बांधणाराच्या हातीं असतें. कमी लिहिला तर पुडकें मोडलें. फार लिहिला तर आपल्या यंत्रावरील सगळा घरपत्ता परक्याच्या हातीं गेला.

माउसनें टिचकी मारून गठ्ठा बांधला तर हा निर्णय यंत्र आपल्या समजुतीनें करतें. कमांड-लाईनवर, म्हणजे आज्ञा अक्षरांनीं लिहून देण्याच्या पद्धतीनें, तो आपणांस करतां येतो. म्हणून पुढील विवेचन त्या पद्धतीचें आहे. आज्ञांतील शब्द व अक्षरें येथें छपाईच्या सोयीसाठीं उच्चाराप्रमाणें नागरींत दिलीं आहेत. यंत्रावर तीं रोमन लिपींत, धाकट्या अक्षरांनीं उमटवावीं. आज्ञेंतील पर्यायांस आंखूड आणि लांब अशीं दोन्ही नांवें असतात. आंखूड नांवांत धाकट्या ‘सी’चा अर्थ एक आणि मोठ्या ‘सी’चा अगदीं निराळा, असा प्रकार असल्यामुळें येथें शक्य तेथें लांब नांवेंच घेतलीं आहेत. तीं दोन आडव्या रेघांनीं सुरू होतात.

प्रथम गठ्ठ्याच्या आंत काय असतें तें पाहूं. ‘टार’ ही कमांड युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत, १९७९ सालीं आली. फितीवर फाईली ओळीनें उतरून ठेवण्यासाठीं ती केलेली होती आणि तिच्या नांवांतील पहिलें अक्षर त्या फितीचेंच, म्हणजे ‘टेप’चें आहे. टारच्या गठ्ठ्यांत प्रत्येक फाईलच्या आधीं ५१२ बाइटांची एक चिठ्ठी असते. तिच्यावर फाईलचें नांव मार्गासह, तिचा आकार, वेळ आणि मालक हे लिहिलेले असतात. चिठ्ठी, तिच्यामागें फाईल, मग दुसरी चिठ्ठी, असा क्रम शेवटपर्यंत चालतो. झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांनीं १९८९ सालीं प्रचारांत आणला. त्यांत प्रत्येक फाईल स्वतंत्रपणें दाबलेली असते, आणि मार्ग दोनदां लिहिलेला असतो: एकदां फाईलच्या तोंडाशीं व एकदां गठ्ठ्याच्या शेवटीं असलेल्या सूचींत. दोहोंतही महत्त्वाची गोष्ट ही कीं, गठ्ठ्याच्या आंत फोल्डरांत फोल्डर घातलेले नसतात. असतात त्या ओळीनें ठेवलेल्या वस्तू आणि त्यांवरील चिठ्ठ्या. गठ्ठा सोडणारें यंत्र चिठ्ठीवरील मार्ग वाचून फोल्डर नव्यानें उभे करतें. चिठ्ठीवर ‘पुडकें-४’ हे शब्द नसतील तर तें पुडकें पुन्हां उभें राहणार नाहीं.

आपल्या पोथ्यांच्या लेखकांस हें तत्त्व चांगलें माहीत होतें. पोथीचीं पानें सुटीं असतात. म्हणून पानाच्या डाव्या समासांत ग्रंथनामाचें संक्षिप्त रूप आणि पत्रांक लिहिण्याचा प्रघात पडला. पान वाऱ्यानें उडून दुसऱ्या पोथींत गेलें तरी त्याचें घर त्याच्या अंगावरच लिहिलेलें आहे.

आतां प्रत्यक्ष आज्ञा. समजा, आपला संग्रह यंत्रावर ‘/होम/संग्रह’ येथें आहे आणि तिसऱ्या दप्तराचा बारावा रुमाल पाठवावयाचा आहे. नवशिका मनुष्य साहजिकच असें लिहील:

टार --क्रिएट --फाईल=रुमाल-१२.टार /होम/संग्रह/दप्तर-३/रुमाल-१२

लिनक्सवर जो ग्नू टार असतो तो ही आज्ञा पाळतो, पण आरंभींची तिरपी रेघ आपण काढून टाकीत आहों अशी सूचना देतो. ही रेघ म्हणजे यंत्राच्या मुळापासून मोजलेला मार्ग असल्याची खूण. ती तशीच ठेविली तर गठ्ठा सोडणाराच्या यंत्रावर फाईली त्याच मुळापासूनच्या जागीं जाऊन पडतील आणि तेथें आधींच असलेल्या फाईली पुसतील. म्हणून ती काढण्याची ही दक्षता आहे. रेघ गेली तरी बाकीचा मार्ग राहतोच. संस्थेंतील मनुष्यानें गठ्ठा सोडला कीं त्यास ‘होम’ नांवाचा फोल्डर दिसतो, त्यांत ‘संग्रह’, त्यांत दप्तर, आणि मग रुमाल. या उदाहरणांत ‘होम’च्या पुढें लगेच ‘संग्रह’ घेतला आहे; प्रत्यक्षांत तेथें बहुधा यंत्राच्या धन्याचें नांव असतें. ज्या दात्यानें आपलें नांव प्रकट करूं नये अशी अट घातली आहे त्याचें नांव अशा रीतीनें प्रत्येक छायाचित्राच्या चिठ्ठीवर जातें. दप्तरें बाहेर काढण्यास घराणीं का कचरतात हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या चुकीचें गांभीर्य सांगावयास नको.

यावर उपाय म्हणजे मार्गाचे दोन तुकडे करणें: एक यंत्रास कोठें जावें हें सांगणारा आणि दुसरा चिठ्ठीवर लिहावयाचा. टारमध्यें पहिल्या तुकड्यासाठीं ‘डिरेक्टरी’ हा पर्याय आहे. आंखूड रूपांत तोच मोठा ‘सी’.

टार --क्रिएट --फाईल=रुमाल-१२.टार --डिरेक्टरी=/होम/संग्रह दप्तर-३/रुमाल-१२

येथें यंत्र आधीं ‘/होम/संग्रह’ या ठिकाणीं जातें आणि तेथून पुढचा जो मार्ग आपण दिला तेवढाच चिठ्ठीवर लिहितें. गठ्ठ्यांत ‘दप्तर-३/रुमाल-१२/पुडकें-४/०००१’ असें नांव उमटतें. पुष्कळजण एक पायरी पुढें जाऊन ‘/होम/संग्रह/दप्तर-३’ येथूनच सुरुवात करतात व चिठ्ठीवर केवळ ‘रुमाल-१२’ राहूं देतात. मला तें पसंत नाहीं. बारावा रुमाल प्रत्येक दप्तरांत असूं शकतो; दप्तराच्या क्रमांकावांचून रुमालाचा क्रमांक म्हणजे गांवावांचून वाड्याचें नांव.

कांहीं पुस्तिकांत शेवटीं नुसता टिंब देण्याची रीत सांगितलेली असते. टिंब म्हणजे ‘जेथें आहों तो फोल्डर’. ‘--डिरेक्टरी=/होम/संग्रह/दप्तर-३/रुमाल-१२’ असें लिहून पुढें टिंब दिला तर चिठ्ठीवर ‘./पुडकें-४/०००१’ असें येतें आणि दप्तर व रुमाल हे दोन्ही गळतात. असा गठ्ठा ज्या फोल्डरांत सोडावा त्यांत त्यांतील पुडकीं आधींच्या पुडक्यांत मिसळतात. कार्यक्रमांच्या फाईली पाठविणारांस ही रीत सोयीची असेल. दप्तरवाल्यांनीं ती शक्यतों टाळावी.

‘डिरेक्टरी’ या पर्यायाचें वर्तन व्याकरण शिकलेल्यांस लगेच उमगेल, कारण तें पाणिनीच्या अधिकारसूत्रासारखें आहे. तें ज्या जागीं आलें तेथून पुढच्या नांवांवर त्याचा अंमल चालतो, मागील नांवांवर नाहीं. आणि दुसरें ‘डिरेक्टरी’ येईपर्यंत तो टिकतो. त्यामुळें दोन ठिकाणचे रुमाल एका गठ्ठ्यांत असे घेतां येतात:

टार --क्रिएट --फाईल=पाठवणी.टार --डिरेक्टरी=/होम/संग्रह दप्तर-३/रुमाल-१२ --डिरेक्टरी=/मीडिया/तबकडी दप्तर-५/रुमाल-२

दुसरा मार्ग तिरप्या रेघेनें सुरू होत नसेल तर मात्र तो पहिल्या ठिकाणापासून मोजला जातो, आपण आज्ञा लिहीत बसलों त्या ठिकाणापासून नव्हे. तेथें अनुवृत्ति चालूच असते. गठ्ठ्याचें स्वतःचें नांव, जें ‘फाईल’ या पर्यायापुढें येतें, त्यावर या अधिकाराचा अंमल नाहीं. गठ्ठा जेथून आज्ञा दिली तेथेंच तयार होतो.

या सोयीचा एक दुरुपयोग सांगणें अवश्य आहे. चार पुडकीं आहेत आणि प्रत्येकांत छायाचित्रें ‘०००१’ पासून आहेत. कोणी चारही पुडक्यांसाठीं चार वेळां ‘डिरेक्टरी’ देऊन प्रत्येकापुढें टिंब ठेवला, तर टार निमूटपणें चारही ‘./०००१’ एकाच गठ्ठ्यांत घालतो. त्यास एकाच नांवाच्या चार वस्तूंचें वावडें नाहीं, कारण फितीवर त्या एकामागून एकच राहावयाच्या. गठ्ठ्याचा आकार बरोबर, वस्तूंची संख्या बरोबर. सोडतांना मात्र दुसरी ‘०००१’ पहिलीवर, तिसरी दुसरीवर, असें होऊन अखेर चौथ्या पुडक्याचींच छायाचित्रें हातीं राहतात. मूळ कागद जर एव्हांना वाळवीनें किंवा विक्रीनें गेले असतील, तर तीन पुडकीं गेलीं.

आणखी एक फसगत नक्षत्रचिन्हाची. ‘सगळीं छायाचित्रें’ या अर्थीं नांवाऐवजीं तारका लिहितात. तिचा विस्तार टार करीत नाहीं. आज्ञा वाचणारें कवच, ज्यास शेल म्हणतात, तें टारच्या हातीं आज्ञा देण्यापूर्वींच करतें. त्या वेळीं ‘डिरेक्टरी’चा अंमल सुरूच झालेला नसतो. म्हणून ‘--डिरेक्टरी’ देऊन पुढें तारका लिहिली तर विस्तार होतो तो आपण बसलों आहों त्या फोल्डरांतील नांवांचा. सुदैव असेल तर यंत्र ‘अशी फाईल नाहीं’ म्हणून थांबतें. तारकेऐवजीं फोल्डरचें नांवच द्यावें. त्याच्या पोटांतील सर्व कांहीं आपोआप येतें.

झिपकडे वळूं. लिनक्स व मॅक यांवर जो इन्फो-झिप मंडळाचा ‘झिप’ मिळतो त्यांत ‘डिरेक्टरी’सारखा पर्याय नाहीं. म्हणून आधीं ‘सीडी’ या आज्ञेनें योग्य ठिकाणीं जाऊन मग गठ्ठा बांधावा लागतो. दोन्ही आज्ञा कंसांत घातल्या म्हणजे काम झाल्यावर आपण मूळच्या जागींच असतों:

(सीडी /होम/संग्रह && झिप -आर /होम/पाठवणी/रुमाल-१२.झिप दप्तर-३/रुमाल-१२)

‘-आर’ म्हणजे फोल्डरच्या तळापर्यंत उतरणें. याच झिपमध्यें ‘-जे’ नांवाचा एक पर्याय आहे. त्याचें लांब नांव ‘--जंक-पाथ्स’, म्हणजे मार्ग केरांत टाका. नांवांतच त्याचा स्वभाव आहे. सर्व मार्ग पुसून फाईलचें शेवटचें नांव तेवढें तो ठेवतो. दोन फाईलींचें नांव एकच झालें तर झिप तक्रार करून थांबतो, हा त्याचा टारहून चांगला गुण. पण छायाचित्रकाचे क्रमांक जर सर्व पुडक्यांतून सलग चालत आले असतील तर नांवें जुळत नाहींत, तक्रार होत नाहीं, आणि रुमालांतील सगळीं पुडकीं एका ढिगांत येऊन पडतात. असे ढीग प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत आले आहेत. क्रम शाबूत असतो, पण कोठें एक पुडकें संपून दुसरें सुरू झालें याची खूण उरत नाहीं. रिकामा फोल्डरही ‘-जे’मध्यें गळतो. ‘पुडकें-७’ रिकामें आढळलें म्हणून कोणी रिकामा फोल्डर मुद्दाम ठेवला असेल तर तीही एक नोंदच आहे, आणि ती जाते.

झिपची आणखी एक संवय लक्षांत ठेवावी. त्याच नांवाचा गठ्ठा आधीं असेल तर झिप तो पुसत नाहीं, त्यांत भर घालतो. पहिल्यांदा मार्ग चुकीचा गेला, तो सुधारून दुसऱ्यांदा आज्ञा दिली, तर गठ्ठ्यांत दोन्ही मार्गांनीं दोन प्रती राहतात. जुना गठ्ठा आधीं काढून टाकावा. टारचा ‘क्रिएट’ मात्र जुन्यावर नवाच लिहितो. तेथें भीति उलटी आहे.

विंडोजवर काम करणारांस दोन साधनें जवळचीं आहेत. एक इगोर पाव्हलोव्ह यांचें ‘सेव्हन-झिप’, जें १९९९ पासून चालत आलें आहे. त्यांत पाठवावयाच्या फोल्डरचें नांव नुसतें दिलें तर तें चिठ्ठीवर येतें; नांवाच्या आधीं टिंब व उलटी तिरपी रेघ आणि पुढें उलटी तिरपी रेघ व तारका दिली तर येत नाहीं. दुसरें साधन खुद्द टारच. २०१८ सालच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून तो यंत्रांतच असतो. हा टार ग्नूचा नव्हे, बीएसडी घराण्याचा; ‘डिरेक्टरी’ यास कळतो. सेव्हन-झिपप्रमाणें पॉवरशेलच्या ‘कॉम्प्रेस-आर्काइव्ह’ या आज्ञेंतही तारका दिली कीं वरचा फोल्डर गळतो, न दिली तर राहतो. एवढ्याशा चिन्हावर रुमालाचा क्रमांक टिकावा किंवा जावा, हें विचित्र खरें. परंतु मोडींत तरी एका टिंबानें कितीदां घोटाळा होतो!

कधीं कधीं यंत्रावरील फोल्डरांचीं नांवें घाईंत दिलेलीं असतात आणि गठ्ठ्यांत तीं नीट रूपांत जावींत असें वाटतें. त्यासाठीं ग्नू टारमध्यें ‘ट्रान्सफॉर्म’ हा आदेश आहे. ‘--ट्रान्सफॉर्म=’ च्या पुढें अवतरणांत ‘एस,^नवा-फोल्डर,दप्तर-३/रुमाल-१२,’ असें लिहिलें तर ज्या नांवाचा आरंभ ‘नवा-फोल्डर’नें होतो तेथें तो आदेश होऊन ‘दप्तर-३/रुमाल-१२’ येतें. व्याकरणांतील आदेश आणि स्थानी यांचाच हा प्रकार. यंत्रावरील मूळ नांव अबाधित राहतें. बदललेलीं नांवें आधीं डोळ्यांनीं पाहावयाचीं असल्यास ‘--व्हर्बोज’ आणि ‘--शो-ट्रान्सफॉर्म्ड-नेम्स’ हे दोन पर्याय जोडावे. बीएसडी टारमध्यें हेंच काम ‘-एस’ या आंखूड पर्यायानें होतें. हें साधन प्रबळ आहे आणि म्हणूनच कमी वापरावें. जें नांव चुकलें असेल तें यंत्रावरच दुरुस्त करून मग गठ्ठा बांधणें अधिक प्रामाणिक, कारण मग संग्राहकाजवळील आणि संस्थेजवळील नांवें सारखीं राहतात.

दुसऱ्याचा गठ्ठा हातीं आला आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘होम’, ‘संग्रह’ असे अनावश्यक तुकडे असले, तर सोडतांना ‘--स्ट्रिप-कॉम्पोनंट्स=२’ असें सांगून पुढचे दोन तुकडे सोडतां येतात. परंतु मूळ गठ्ठा तसाच जपावा. त्या अनावश्यक वाटणाऱ्या तुकड्यांत कधीं एखाद्या गांवाचें किंवा घराण्याचें नांव असतें आणि तें दुसरीकडे कोठेंही लिहिलेलें नसतें. एक सावधगिरी सोडणारानेंही घ्यावी. मार्गांत दोन टिंबांचा तुकडा असेल तर त्याचा अर्थ ‘एक पायरी वर’ असा होतो, आणि अशा मार्गाचा गठ्ठा भोळें यंत्र सोडूं लागलें तर फाईली नेमलेल्या फोल्डरबाहेर जाऊन पडतात. २०१८ सालीं ‘झिप-स्लिप’ या नांवानें हा दोष गाजला, कारण तो पुष्कळ कार्यक्रमांत आढळला. ग्नू टार अशीं नांवें सोडण्यास नकार देतो.

लांबीचा प्रश्न आपल्या लिपीमुळें विशेष आहे. टारच्या मूळ चिठ्ठींत नांवासाठीं १०० बाइटांची जागा होती. १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणानें पुढच्या मार्गासाठीं आणखी १५५ बाइट दिले. रोमन अक्षर एका बाइटांत मावतें. हल्लींच्या यूटीएफ-८ या पद्धतींत नागरीचा प्रत्येक वर्ण, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्तचिन्ह यांस तीन तीन बाइट लागतात. एकट्या ‘क्ष’ला नऊ. ‘दप्तर-३/रुमाल-१२/पुडकें-४/’ एवढा मार्गच ६६ बाइटांचा होतो. २००१ च्या पॉझिक्स प्रमाणांतील ‘पॅक्स’ प्रकारानें आणि ग्नूच्या स्वतःच्या सोयीनें ही मर्यादा उठली आहे, परंतु विंडोजची निराळीच आहे: तेथें संपूर्ण मार्ग सामान्यतः २६० वर्णांपलीकडे जात नाहीं, आणि २०१६ पासून ही मर्यादा मुद्दाम उठवितां येत असली तरी बहुतेक यंत्रांवर कोणी ती उठविलेली नसते. पाठविणाराचा लांबलचक घरपत्ता चिठ्ठीवर असला तर घेणाराच्या यंत्रावर त्याचा भार पडून खालच्या फाईली सुटतच नाहींत.

दाबण्याविषयीं थोडेंच सांगण्यासारखें आहे. जेपेग छायाचित्र मुळांतच दाबलेलें असतें. त्यास पुन्हां दाबून जागा जवळजवळ वाचत नाहीं. टारचा गठ्ठा जीझिपनें दाबला आणि मध्यें एके ठिकाणीं बिघडला तर पुढचें सारें सोडणें कठीण होतें. झिपमध्यें, किंवा न दाबलेल्या टारमध्यें, बिघाड बहुधा त्या एका फाईलपुरता राहतो. यासाठीं छायाचित्रांस न दाबलेला टार मला बरा वाटतो.

मोठ्या ग्रंथागारांनीं या सगळ्या प्रश्नांस एक शिस्त लावून दिली आहे. अमेरिकेंतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांच्या प्रयत्नांतून ‘बॅगइट’ नांवाची रचना निघाली आणि २०१८ सालीं ती आरएफसी ८४९३ या क्रमांकानें प्रसिद्ध झाली. तींत एक मूळ फोल्डर असतो. त्याच्या आंत ‘डेटा’ नांवाच्या फोल्डरांत सर्व वस्तू, आणि बाहेर एक यादी. यादींत प्रत्येक फाईलचा मार्ग मूळ फोल्डरपासून मोजून लिहिलेला असतो व त्याशेजारीं त्या फाईलच्या बाइटांवरून काढलेला एक ताळ्याचा आंकडा. एकही वर्ण बदलला तर ताळा जुळत नाहीं. मार्ग बदलला तर फाईल सांपडत नाहीं. आपल्या विषयास उपयुक्त असा एक नियम त्यांत स्पष्ट घातला आहे: गठ्ठा मूळ फोल्डरच्या आंत बसून बांधूं नये, त्याच्या एक पायरी वरून बांधावा, म्हणजे रिकाम्या जागीं सोडल्यावर एकच फोल्डर दिसेल. वर टिंबाच्या रीतीविरुद्ध जें लिहिलें तेंच या नियमाचें कारण आहे.

गठ्ठा बांधून झाल्यावर तो न सोडतां आंतील चिठ्ठ्या वाचतां येतात. टारसाठीं ‘टार --लिस्ट --फाईल=रुमाल-१२.टार’, झिपसाठीं ‘अनझिप -एल रुमाल-१२.झिप’. ही यादी पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. ती एका साध्या फाईलींत उतरून, छापून, गठ्ठ्याबरोबर कागदावर पाठविली तर उत्तम. उद्यां तबकडी वाचतां आली नाहीं तरी कोणत्या रुमालांत किती पुडकीं होतीं एवढें तरी कळेल. यादींत ‘डीएस-स्टोअर’, ‘थंब्स-डीबी’ असलीं यंत्राचीं स्वतःचीं टिपणें दिसल्यास तीं ‘--एक्स्क्लूड’नें वगळावीं. पुढें एखादा अभ्यासक त्यांसही दप्तरांतील कागद समजून मोजावयाचा.

शेवटीं ‘ऱ’ या अक्षराविषयीं. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडांत तीन तऱ्हांनीं लिहितां येतो: ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन, ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन वर्ण घेऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. कागदावर तिन्ही सारखे दिसतात. यंत्रास तीं तीन भिन्न नांवें आहेत. मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस तबकड्या पहिलें रूप फोडून दुसरें करून ठेवीत. २०१७ सालीं आलेली एपीएफएस तसें करीत नाहीं. लिनक्स मात्र बाइटाला बाइट ताडून पाहतो. त्यामुळें एका यंत्रावर बांधलेल्या गठ्ठ्यांतील ‘वऱ्हाड’ दुसऱ्या यंत्रावर नांव टंकून शोधला तर ‘अशी फाईल नाहीं’ असें उत्तर येऊं शकतें, आणि डोळ्यांसमोर तर फोल्डर दिसत असतो. झिपचें दुःख याहून जुनें: नांव यूटीएफ-८ मध्यें आहे हें सांगणारी खूण त्याच्या प्रमाणांत २००६ सालीं आली, आणि तत्पूर्वींच्या साधनांनीं बांधलेल्या गठ्ठ्यांतील नागरी नांवें सोडतांना निव्वळ चिन्हांचा गोंधळ होऊन पडतात. लेखांतील उदाहरणें नागरींत असलीं तरी जो गठ्ठा परक्या यंत्रावर जाणार त्यांतील फोल्डरांचीं नांवें, मनास न आवडलें तरी, रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावीं, आणि त्यांचीं नागरी नांवें गठ्ठ्यांतल्याच एका सूचीच्या फाईलींत ओळीनें लिहावीं.